डब्यावरचा फोटो

मंडळी, आज मान खाली घालून लिहून राहिलो.

लढाईमुळे इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम चालू आहे. सकाळी शिफ्ट सुटताना गरीब पेशंटांची सेवा करणाऱ्या आमच्या ग्रुपनं गेटवर मदतीचा डबा धरला. डब्यावर दवाखान्यातल्या एका पेशंटचा फोटो होता, नाकात नळी, दाढी वाढलेली. घरच्यांना न विचारता मीच काढलेला. असा फोटो पाहून लोक देतात ना!

बाहेर पडणाऱ्या एका बाईंसमोर मी डबा केला. "दीदी, थोडी मदद."

त्या फोटोकडे पाहतच राहिल्या. "भैया, हे माझे बाबा आहेत. दाढी केल्याशिवाय ते कधी घराबाहेर नाही गेले. काहून लावला हा फोटो?"

मी फोटो तिथेच डब्यावरून काढून टाकला.

गेटवर चारचौघांत उभं राहायचं म्हणून मी मात्र सकाळी गुळगुळीत दाढी करून गेलो होतो. सांगा, उद्या सेवेला त्या बाबांच्या वॉर्डात कोणत्या तोंडानं जाऊ?