चिंचेच्या वळणावरचा फटाका

संपत मिस्त्रीला चुकीचा आवाज सहन होत नाही. देवळाचा भोंगा खरखरला तरी हा उठून वायर हलवून येतो. माझं खत-बियाण्यांचं दुकान त्याच्या गॅरेजला चिकटून, त्यामुळे हा जाच मी कैक वर्षं सोसतोय. शटर करकरतं म्हणून एकदा मला न विचारता त्यानं त्यात ग्रीस भरलं. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याचा डाग अजून आहे.

खरं तर हा गुण त्याच्या वडिलांचा. ते दौंडच्या रेल्वे यार्डात होते. उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जायचे आणि नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचे. संपत लहानपणी त्यांच्या मागं मागं फिरला. पुढं मांडवगण फराट्यात येऊन मोटारसायकली दुरुस्त करू लागला, तरी कान यार्डातलेच राहिले.

गेल्या थंडीत हौसराव आबा आपली जुनी गाडी घेऊन त्याच्याकडं आले. ॲक्सिलरेटर सोडला की ती सायलेन्सरमधून फटाके फोडायची. डेअरीवर पोरं म्हणायची, "आबा आले, दिवाळी आली." आबांना ते लागलं होतं.

"संपत, एवढा आवाज बंद कर बाबा."

संपतला तेवढंच पाहिजे होतं. आधी त्यानं कार्बोरेटर खोलून साफ केला. फटाके चालूच. मग प्लग काढला, तर त्याचं टोक पांढरंफटक.

"हवा जास्त जातीया कुठनं तरी," तो म्हणाला. चोक थोडा ओढून पाहिला, तर फटाके थांबले. त्याची खात्री पटली. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरावर त्यानं साबणाचं पाणी सोडलं, तसा इंजिनाचा सूर बदलला. रबर काढून वाकवलं. खालच्या अंगाला केसासारखी चीर होती.

नवं रबर दौंडहून येणाऱ्या जीपवाल्याकडून मागवावं लागलं. ते येईपर्यंत संपतनं सायलेन्सरच्या तोंडाचं पॅकिंगही बदललं. ऊन उतरायला लागलं तसे आबा सारखे बाहेर डोकावू लागले. त्यांची वस्ती गावापासून लांब, दोन्ही बाजूंनी तोडीला आलेला ऊस, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची कालवड बिबट्यानं नेली होती.

रबर बसवून गाडी चालू केली. संपतनं ॲक्सिलरेटर पिळून सोडला.

"ऐकलं का साहेबराव?" त्यानं मला विचारलं.

"काय ऐकू? काहीच वाजलं न्हाई."

"त्येच तर ऐकायचं."

आबा गेले. आम्ही चहा प्यायलो. सूर्य बुडाला आणि संपतचा फोन वाजला.

"संपत, ही घरात न्हाई," आबांचा आवाज फाटला होता. "काठी न्हाई, बॅटरी न्हाई. फोन हितंच चार्जिंगला हाय."

ही म्हणजे साखरबाई, आबांची बायको. वस्तीवर दोघंच राहतात. आम्ही पोचलो तेव्हा आबा फाटकात उभे होते. त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. साखरबाईंना ऐकू फार कमी येतं. हाक नाही, फोनही नाही. पण वस्तीच्या अलीकडं, चिंचेच्या वळणावर आबांनी ॲक्सिलरेटर सोडला की होणारा फटाका तेवढा त्यांना ऐकू यायचा. मग त्या अंगणातला दिवा लावायच्या, कुत्रं बांधायच्या आणि फाटक उघडायच्या. रोजचंच ते, त्यामुळे गाडी दुरुस्तीला टाकताना आबांच्याही ध्यानात आलं नाही.

"आज वाजलाच न्हाई. त्यात उशीर. मला हुडकाया गेली ती, बांधाबांधानं, उसातनं. आन् म्या आलो सडकंनं."

आम्ही तिघांनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, वेड्यासारख्या. बहिऱ्या बाईला. उसाची सळसळ तेवढी होत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

संपतनं आबांच्या हातातली चावी ओढून घेतली. आम्ही चिंचेपाशी गेलो. गाडी गिअरमध्ये पळती ठेवून त्यानं चावी बंद केली, ॲक्सिलरेटर पिळला आणि चावी पुन्हा चालू केली. पोरं असेच मुद्दाम फटाके काढतात. पण नुसतं फुस्स झालं. परत केलं, परत फुस्स.

"इतकं झ्याक काम करायला कुणी सांगितलं व्हतं तुला?" मी ओरडलो.

वस्तीवरचं कुत्रं उसाकडं तोंड करून भुंकायला लागलं होतं. संपत खाली बसला आणि तापलेल्या इंजिनाशी हात घालून, दुपारी आवळलेले नट सैल करू लागला. आधी रबराचे, मग सायलेन्सरच्या तोंडाचे. बोटं भाजत होती. मध्येच तो हात झटकायचा आणि पुन्हा पाना धरायचा.

पुन्हा गाडी पळवली. चावी बंद, चावी चालू. असा आवाज झाला की चिंचेवरचे बगळे उडाले.

त्यानं परत फोडला, आणि परत. आम्ही उसाकडं बघत राहिलो. आबांनी माझा दंड घट्ट धरला होता. मग पार आत, शेंड्यांवर, उजेड हलला.

"थांबू नगंस," आबा म्हणाले.

तो उजेड सडकेला लागेपर्यंत संपत फटाके फोडत राहिला. साखरबाई बाहेर आल्या. दंडाला पात्यांचे ओरखडे, हातात काठी.

"कवाधरनं वाट बघतीया," त्या आबांवर कडाडल्या. "चिंचंपाशी वाजला न्हाई. म्या म्हणलं, तुमास्नी न्हेलं त्यानं."

आबांनी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. मग त्यांचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी संपत बोटांना मलम लावून बसला होता. आबा दूध घालून जाताना थांबले.

"आबा, गाडी ठेवा. नट आवळून देतो. इंजिन तापंल अशानं."

"तापू दे," आबा म्हणाले आणि निघून गेले.

खोट ठाऊक असलेली गाडी संपतच्या गॅरेजवरून तशीच गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. आता रोज दिवस कलला की तो कॉम्प्रेसर बंद करतो. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हातातलं काम थांबवतो. मीही वजनकाटा तसाच सोडून दारात येतो. वारं बरं असलं तर चिंचेच्या बाजूनं बारीकसा आवाज येतो.

"पोचले," संपत म्हणतो, आणि पाना उचलतो.