विमलकाकूंची वाकळ आणि एक मोकळी बाजू

विमलकाकूंची आणि माझी पहिली ओळख माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाली, आणि खरं सांगायचं तर ती काही फार गोड झाली नाही. मी नवी नवरी, घाटकोपरच्या घरात ओट्याला टेकून उभी होते. काकू, म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या काकू, दारातून आत आल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सुईत दोरा ओवता येतो का गं?" नव्या सुनेला स्वयंपाक येतो का, हे विचारतात असं मी ऐकून होते. मी "येतो" म्हणून मोकळी झाले. प्रत्यक्षात बटण तुटलं की सेफ्टी पिन लावून ऑफिसला जाणाऱ्यांतली मी! त्याच दुपारी काकूंनी मला वाकळीपाशी बसवलं, माझा पहिला टाका पाहिला आणि म्हणाल्या, "हा टाका आहे की जिन्याची पायरी? पांघरणाऱ्याचा पाय अडकेल यात." आणि उसवला. हे काय नवीनच त्रांगडं माझ्या गळ्यात, असं मला वाटलं होतं.

आज काकूंच्या अमृतमहोत्सवानिमित्त चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे, तो त्याच उसवलेल्या टाक्यामुळे. या अंकात त्यांच्या कार्याविषयी मोठमोठी माणसं लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली वाकळ शिकलेली सून आहे. मला जे जवळून दिसलं तेवढंच लिहिते.

गोधडीला आमच्या साताऱ्याकडच्या घरात वाकळ म्हणतात. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वरून रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत जात धावदोरा घालायचा. आमच्या घरची रीत अशी की वाकळीला बायका चार आणि प्रत्येकीची बाजू ठरलेली. आपल्या बाजूची ओळ कोपऱ्यापर्यंत आणायची, तिथून पुढचीनं ती उचलायची. म्हणजे एक जरी बाई गैरहजर राहिली तरी फेरा पुरा होत नाही, सगळ्यांचे दोरे कोपऱ्यावर लोंबत राहतात. आमच्या चौघींत काकू, त्यांच्या धाकट्या नणंद शकूआत्या, काकूंची सून रोहिणी आणि मी. गप्पा, उणीदुणी, चहा, हसून हसून पोटात दुखणं, हे सगळं त्या चार बाजूंच्या मध्ये चालतं. दर वर्षी तयार झालेल्या वाकळींचा आमच्या इथल्या बुद्धविहाराच्या सभागृहात लिलाव होतो आणि जे काही जमेल ते रुग्णसाहित्य केंद्राला जातं.

हे केंद्र म्हणजे काकूंचं चौथं अपत्य. काकूंनी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून उभा जन्म काढला. घरी सोडलेला रोगी पुढं काय करतो, हा प्रश्न तिथं कुणाला पडायचा नाही, काकूंना पडला. कमरेचं हाड मोडलेला माणूस दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर झोपतो आणि त्याला उठवताना घरच्यांचीच कंबर जाते, हे त्या पाहून आल्या होत्या. विहाराच्या जिन्याखालची अडगळीची जागा मागून घेतली, ती झाडली आणि तिथं एक वॉकर ठेवला. आज तिथं खाटा आहेत, चाकाच्या खुर्च्या आहेत, पाण्याच्या गाद्या आहेत. भाडं नाही, अनामत नाही. अट एकच, परत आणताना धुऊन आणायचं. एका गृहस्थांनी चिखलाची चाकं घेऊन खुर्ची परत आणली, तर काकूंनी त्यांच्या हातात बादली आणि फडकं दिलं. गृहस्थ चांगले सुटाबुटातले होते. धुतली त्यांनी, करतात काय!

अशा कडक माणसाचा हात किती मऊ असतो, ते माझ्या आईच्या आजारपणात मला कळलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा काकू न बोलावता चेंबूरला माझ्या माहेरी आल्या. खाट टेम्पोतून उतरवून घेतली, आईला कुशीवर कसं वळवायचं ते मला दाखवलं, पाठीला पावडर लावली आणि आईशी अर्धा तास फक्त कोथिंबिरीच्या भावावर बोलत बसल्या. त्या आजारपणात आईशी आजाराविषयी न बोललेल्या त्या एकट्याच. आई त्यांची वाट बघायची. हे उपकार मी फेडणार नाही, मला ते फेडायचेही नाहीत.

इतकं चांगलं लिहिल्यावर आता ती गोष्ट सांगते. काकूंना आधी विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिही. नुसतं कौतुक छापलं तर लोक फोटो बघून अंक ठेवून देतील."

गेल्या वर्षीची गोष्ट. लिलावाच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्या घरात जुन्या कपड्यांचा डोंगर असतो. लोक पिशव्या भरभरून आणून देतात आणि काकूंची कात्री थांबत नाही. त्या दिवशी शकूआत्या मुलुंडहून आल्या, हातातली पिशवी त्या ढिगाशेजारी टेकवली आणि भाजी घ्यायला खाली उतरल्या. पिशवीत होतं त्यांच्या आईचं, म्हणजे काकूंच्या सासूबाईंचं, हिरवं इरकली लुगडं. आईच्या मागे राहिलेलं तेवढंच. घडीवर विरलं होतं म्हणून स्टेशनजवळच्या रफूवाल्याकडे टाकायला आत्यांनी बरोबर आणलं होतं. आत्या भाजी घेऊन वर आल्या तेव्हा लुगड्याचे चौकोन होऊन त्यांची चळत लागली होती, आणि काकू आम्हाला सांगत होत्या, "बघा गं, कसं लोण्यासारखं कापड आहे."

आत्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. टोमॅटो घरभर.

"वहिनी, आईचं होतं ते."

काकूंचं तोंड एकदम उतरलं. पण जीभ ती जीभ. त्या बोलून गेल्या, "मग जुन्या कपड्यांत ठेवायचं कशाला शकू?"

आत्या शांतपणे म्हणाल्या, "कापलंत ते जाऊ दे. इतकी वर्षं आई हे तुमच्या डोळ्यांसमोर नेसली. तुम्ही ओळखलं नाही?" आणि चप्पल घालून निघून गेल्या. रोहिणी मागे धावली, तोवर रिक्षा सुटली होती.

त्यानंतर आत्यांनी फोन उचलला नाही. काकूंचा नाही, माझा नाही, काकांचाही नाही, आणि काका म्हणजे सख्खा भाऊ हो! काकूंनी त्या लुगड्याचे सगळे तुकडे गोळा केले आणि मोठ्या वाकळीच्या दर्शनी भागावर, आत्यांच्या बाजूला मांडले. आम्ही तिघी शिवत राहिलो. तीन बाजू आत सरकल्या, चौथी कोरीच. कोपऱ्यावर दोरे लोंबत होते. लिलाव तोंडावर आला, तशी रोहिणी भीत भीत म्हणाली, "आई, आत्यांची बाजू मी करू का? नाहीतर वाट लागेल आपली."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "ती बाजू तिची आहे."

त्या वाकळीच्या पैशांतून केंद्राला एक नवी खाट यायची होती. पण काकूंना झोप नव्हती ती खाटेपायी नव्हे. चाळीत काय, रुग्णालयात काय, हजारो माणसांना हात लावलेली बाई, आणि घरातलं एक माणूस आपण नीट पाहिलंच नाही, हे त्यांना खात होतं. जेवताना मध्येच थांबायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, मीठ जास्त झालंय." मीठ बरोबर असायचं.

एका सकाळी त्यांनी वाकळ चादरीत बांधली आणि आम्हाला म्हणाल्या, "चला मुलुंडला." रिक्षात त्या गाठोड्याखाली आम्ही तिघी कशा मावलो ते आमचं आम्हाला ठाऊक. आत्यांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि ना या म्हणाल्या ना जा. काकू सरळ आत शिरल्या, टीपॉय बाजूला सारला आणि वाकळ फरशीवर अंथरली. हिरवे तुकडे आत्यांच्या पायांशी आले.

"शकू, चुकलं माझं," काकू उभ्यानंच म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून हे शब्द त्याआधी कधी ऐकले नव्हते. "कापलं त्याची चूक आहेच, पण ओळखलं नाही ती मोठी. मी नाईटला जायचे, माझी पोरं सासूबाईंनी सांभाळली. मी आल्यावर माझं ताट वाढलेलं असायचं. मी जेवायचे आणि झोपायचे. त्या काय नेसल्यात, खाल्लंय की नाही, मी मान वर करून बघितलंच नाही कधी. आता बघायचं म्हटलं तर कुठं बघू?"

रोहिणीनं माझा हात घट्ट धरला होता.

"ही वाकळ तुझी," काकू म्हणाल्या. "ठेव म्हणालीस तर इथंच राहील. खाट पुढच्या वर्षी बघू. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन."

आत्या गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या, एका तुकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काठ उलटा लावलाय, वहिनी."

"मग सरळ कर."

"चष्मा द्या माझा. त्या टीव्हीवर आहे."

बस्स, एवढंच. आत्यांनी काठ उसवून सरळ केला, आपल्या बाजूला बसल्या आणि कोपऱ्यावरचा पहिला दोरा उचलला. शिवता शिवता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. "आई असती ना, तर तुमचीच बाजू घेतली असती तिनं. नेहमी घ्यायची. विमल दमून येते, विमलला काही बोलू नका. माझ्या डोक्यात जायचं!" हे ऐकलं मात्र, आणि आमच्या विमलकाकू, वॉर्डात भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या, नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. मग आम्हीही रडून घेतलं. आत्यांचे यजमान बिचारे चौघींसाठी चहा घेऊन आले आणि ट्रे तसाच घेऊन परत गेले.

वाकळ वेळेत पुरी झाली. लिलावाला देण्याचा निर्णय आत्यांचाच. लिलाव आमचे काका पुकारतात. नियम काकूंनीच घातलेला, घरच्यांनी बोली लावायची नाही. त्या संध्याकाळी हिरवी वाकळ पुढं आली, बोली चढू लागली, काका "एक वार, दोन वार" म्हणाले, आणि पहिल्या रांगेत एक हात वर झाला. काकूंचा! काकांना कळेना, हसावं की रागवावं. "अहो, तुम्हाला बोली लावता येत नाही," ते माइकवरच म्हणाले. काकू हात खाली घ्यायला तयार नाहीत. शेजारी आत्या होत्या. त्यांनी काकूंचा हात धरून खाली ओढला. "बसा वहिनी. आईचं लुगडं आहे. कुणाला तरी ऊब मिळू दे त्याची." ती वाकळ कुर्ल्याच्या एका रिक्षावाल्या दादांनी बहिणीच्या बाळंतपणासाठी घेतली. आत्या स्वतः त्यांना ती कशी धुवायची ते समजावत होत्या, आणि काकू बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

तेव्हापासून आमच्याकडे कात्री एकदम चालत नाही. काकू प्रत्येक कपडा उचलून धरतात आणि आणणाऱ्याला विचारतात, "हे कुणाचं?" मग तो माणूस सांगत बसतो, आजीचं, मावशीचं, गेलेल्या भावाचं. कामाला दुप्पट वेळ लागतो. आधी काकू घड्याळाकडे बघत शिवायच्या, आता त्या माणसाकडे बघतात. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आपली सवय बदलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आम्ही तर चाळिशीतच अडून बसतो.

मागच्या आठवड्यात यंदाच्या वाकळीसाठी कपडे निवडत होतो. काकूंनी हळूच स्वतःची एक पांढरी साडी ढिगात सारली. पौर्णिमेला विहारात नेसून जातात ती, काठ विरलेली. आत्या तेव्हा पलीकडे, खिडकीपाशी वाटाणे सोलत होत्या. तिथूनच ओरडल्या, "ए रोहिणी, ती बाहेर काढ. वहिनींची आहे ती."

काकू म्हणाल्या, "अगं जुनी झाली. घे कापायला."

"काही कापायची नाही," आत्या उठून आल्या, साडी झटकली आणि घडी घालून काकूंच्या मांडीवर ठेवली. "अजून पुष्कळ पौर्णिमा नेसायच्यात तुम्हाला."

विमलकाकू, आम्हा सगळ्यांचं मागणं हेच आहे.