डोंगरीच्या चर्चमधला वन्स मोअर

उत्तनजवळच्या डोंगरीच्या चर्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी माझ्या तोंडाने मला चांगलंच गोत्यात आणलं. नव्वदीची सुरुवात असेल... गिरगाव सोडून मीरा रोडला राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

गिरगावात आमच्या घराला नाटकाचं वेड. चांगलं पद झालं की वन्स मोअर द्यायचा, हे बाबांनी मला पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं. त्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती... आजही नाही.

मीरा रोडला मात्र ना नाट्यगृह, ना मैफल. बिल्डिंगमध्ये संध्याकाळी पाणी आलं की नाही, एवढाच विषय. अशात शेजारच्या ऑस्टिनने मला एडविनच्या कार्यक्रमाला नेलं.

एडविन उत्तनचा, कोळ्याचा मुलगा. आठवडाभर कंपनीत नोकरी करायचा आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये गिटार घेऊन स्वतः रचलेली भक्तिगीतं म्हणायचा. गाणी इंग्रजी, पण सूर इतका लख्ख की भाषेवाचून काही अडायचं नाही.

मी एकदा गेलो तो जातच राहिलो. मीरा रोड, भाईंदर, उत्तन... त्याचा एकही कार्यक्रम सोडला नाही. शेवटी शेवटी एक फादर मला ऑस्टिनचा भाऊच समजायला लागले होते.

त्या रविवारी भाईंदरहून बसने डोंगरीला जाताना ऑस्टिन अगदी गप्प होता. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आज एडविनची आई येणार आहे. तो गायला लागल्यापासून चार वर्षांत ती एकदाही आली नव्हती. देवळात गिटार वाजवणं तिला साफ नामंजूर होतं... तिकडचे लोक चर्चला देऊळच म्हणतात.

आणि आज एडविन तिच्यासाठी पहिल्यांदाच घरच्या बोलीतलं गाणं म्हणणार होता. आई मध्येच उठून गेली तर गिटार कायमची माळ्यावर टाकीन, असं तो ऑस्टिनला सांगून बसला होता.

मावशी, म्हणजे एडविनची आई, नेमक्या आमच्याच बाकावर येऊन बसल्या. लाल लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि चेहरा असा की आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई बऱ्या. पहिली तीन गाणी झाली, पण त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. खाली मान घालून जपमाळ ओढत राहिल्या.

मग एडविनने कीबोर्डवाल्याला थांबायला सांगितलं आणि नुसत्या गिटारवर ते गाणं सुरू केलं. पहाटे होडी लोटणाऱ्या बापाला सांभाळ, आणि किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या आयेलाही सांभाळ... एवढंच मागणं. शेवटच्या ओळीला तो हळूहळू खालच्या सुरात उतरला आणि माझ्या अंगावर काटा आला.

गाणं संपलं. आणि कुणी टाळीच वाजवेना... सगळ्यांच्या माना खाली.

आता कळतं की त्यांच्यासाठी ती प्रार्थना होती, आणि प्रार्थनेला टाळ्या वाजवत नाहीत. तेव्हा मला वाटलं, गाणं पडलं. एडविनलाही तेच वाटलं असावं, कारण तो गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागला होता. इकडे मावशींनी जपमाळ पिशवीत ठेवली.

माझ्याने राहवेना. गिरगावात शेवटच्या रांगेतून स्टेजपर्यंत पोचायचा, त्याच आवाजात मी ओरडलो... "वन्स मोअर!"

अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. पुढे बसलेल्या फादरनी चष्म्यावरून पाहिलं. ऑस्टिनने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

मावशींनी ऑस्टिनला विचारलं, हा काय मागतो? त्याने खालच्या आवाजात सांगितलं की त्याला हेच गाणं पुन्हा ऐकायचंय. मावशी उभ्या राहिल्या. एडविनचा चेहरा खाडकन उतरला... त्याला वाटलं, आई निघाली.

"एडविन," त्या म्हणाल्या, "बोल पुन्यांदा. मना पन आयकायचा हाय."

एडविनने फादरकडे पाहिलं. फादरनी मान डोलावली. या वेळी त्याचा आवाज पहिल्या ओळीला थोडा कापला, पण दुसऱ्या कडव्यापासून अख्खं चर्च त्याच्याबरोबर ध्रुवपद म्हणायला लागलं. मावशी शेवटपर्यंत उभ्याच होत्या.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मावशी, चुकलं माझं, मला इथली पद्धत माहीत नव्हती.

"तुमच्यात वरडून मागतात, ता बरा हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात गप बसून आयकतात. मंग पोराला कसा कलनार?"

 

त्यानंतर एडविनचा कार्यक्रम कुठेही असो, मावशी हजर. मी मात्र शहाणा झालो होतो, गुपचूप बसायचो. वर्षभराने भाईंदरला त्याने तेच गाणं म्हटलं. गाणं संपलं, सगळ्यांच्या माना खाली... आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोर!"

मावशीच. कुणाकडेही न बघता, ताठ बसलेल्या.

वन्स मोअर कसा द्यायचा, ते मला बाबांनी शिकवलं होतं. कशासाठी द्यायचा, ते डोंगरीच्या चर्चमध्ये मावशींनी शिकवलं... दोघांचे उपकार आहेत माझ्यावर.