एरंडावरचं फुलपाखरू

वडिलांना विसरायला होऊ लागलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी दर रविवारी बीडहून तलवाड्याला त्यांना भेटायला जायचे. अशाच एका रविवारी आम्ही दोघं परसात बसलो होतो. न्हाणीच्या ओल्या दगडावर एक लहानसं तपकिरी फुलपाखरू येऊन बसलं. मी मोबाइलवर फोटो काढून त्याचं नाव शोधलं, तर तीन वेगवेगळी नावं आली.

"जरा पंख उघडू द्या त्याला," वडील म्हणाले.

थोड्या वेळानं त्यानं पंख पसरले.

"या काळ्या रेघा बघा, लाटेवानी. एरंडावरलं हाय हे. याची अळी हिरवी असती, काटेरी."

कृषी सहायक म्हणून त्यांनी अख्खी नोकरी गेवराई तालुक्यातली शेतं पायी हिंडण्यात घालवली होती. त्यांचा तो जुना, ठाम आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. आनंदाच्या भरात ते मला 'बघा' म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी बाज त्यांच्याजवळ ओढली आणि विचारलं, "दादा, मला वळखलं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग सदऱ्याची गुंडी लावत अदबीनं म्हणाले, "तुमी तालुक्याच्या हापिसातून आलात ना?"

मी हो म्हणाले, आणि ती अळी पान कुठून खायला लागते ते विचारलं. ते सविस्तर सांगू लागले. मी मान हलवत राहिले, पण त्यातला एक शब्दही मला आज आठवत नाही.