आधी बोलणं, मग फोटो

आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातली मराठी मंडळी वाचतीलच, बाहेरच्यांनीही वाचा.

आज आमच्या संस्थेला एका सरकारी बैठकीचं बोलावणं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर फुलं-दिवे विकणाऱ्या बायकांना यापुढे कुठे बसू द्यायचं, त्याचं धोरण ठरतंय. त्यांच्यातल्या काहीजणींना घेऊन मी गेले.

आधी चहा-समोसे झाले. मग साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. आता आम्ही बोलणार, तेवढ्यात ते उठले. "चलिए, ग्रुप फोटो!"

दिवे विकणारी मुन्नीचाची खुर्चीतून हललीच नाही. "फोटो त खिंच जाई साहेब, बात कब होई?" बाकीच्याही बसून राहिल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "मैडम, समझाइए इन्हें. आपको आगे भी हमारे साथ काम करना है."

आवाज गोड होता, पण कळायचं ते मला कळलं. आमची बालवाडी त्यांच्याच परवानगीवर चालते. सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

मी उठले नाही. फोटोवाला कॅमेरा आवरून गेला. बाहेर येऊन आम्ही जिंकल्यासारख्या हसलो.

आत्ता साहेबांच्या ऑफिसच्या पेजवर फोटो आलाय, चहाच्या वेळचा. चाचीच्या हातात समोसा, शेजारी मी हसतेय. खाली लिहिलंय, "संस्थाओं से चर्चा सम्पन्न, सभी सहमत."

नवरा म्हणतो, पुन्हा जाऊच नकोस. पण नाही गेलो तर आमच्यावाचून ठरेल, गेलो तर आमच्या नावावर ठरतंय!

चाचीने हा फोटो अजून पाहिलेला नाही. उद्या घाटावर तिला कोणत्या तोंडानं दाखवू?