गोरं पाणी

“पाणी चाखून ओततोस ना?” बाळारामनं विचारलं. ठाण्याच्या हॉस्पिटलातली भेटीची वेळ संपत आली होती आणि वॉर्डातली मावशी दारात उभी राहून आम्हाला नुसत्या डोळ्यांनी बाहेर काढत होती. मी म्हटलं, “चाखतो की.” “गोड ना?” त्यानं ‘ड’ अगदी ठासून म्हटला. “गोड,” मी म्हणालो. “बरं...” असं म्हणून त्यानं माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. त्याला आता सव्वा महिना होऊन गेला. लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर शेवटचं मी त्याच्याशी खोटं बोललो. पाणी खारट होतं.

बाळाराम ठाण्याजवळच्या दिवा गावचा, अगदी मूळचा. आज तिथे इमारतीला इमारत चिकटलेली दिसते, पण त्याच्या लहानपणी खाडीकडेला मिठागरं होती आणि त्याचे वडील त्यांवर राबायचे. मी साताऱ्याकडचा, पोटापाण्यासाठी डोंबिवलीत येऊन राहिलेला. एकाच रंगाच्या कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षं काढली, तो इलेक्ट्रिशियन आणि मी स्टोअरमध्ये. पहिल्याच दिवशी तो फ्यूज मागायला आला आणि मी ऐटीत म्हटलं, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. “घाटावर पाणी पण चिठ्ठीवरच देतात काय रे?” तो म्हणाला. तिथून दोस्ती. कारखान्यात तो आमच्यासारखं बोलायचा, पण घरी फोन लागला की त्याची आगरी सुरू व्हायची. त्यात ‘ड’चा ‘र’ होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तोही हसायचा. मी ती बोली शिकायची तसदी मात्र कधी घेतली नाही.

निवृत्तीनंतर त्यानं हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आणली आणि त्यात खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे सोडले. “आख्खा जनम मासं खाल्लं, आन आता त्यांनाच भरवतात,” सुमनवहिनी म्हणायच्या. पण पंखा दिवसभर चालू, त्यामुळे टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. मी एकदा म्हटलं, “अरे, मग टाक की थोडं खारं पाणी.” त्यानं कपाळाला हात लावला. “पाणी उडतं रे, मीठ उडत नाही. माझ्या बापानं एवढ्यावरच घर चालवलं.” म्हणजे उडालं तेवढं साधंच पाणी परत घालायचं, नाहीतर टाकीचं हळूहळू मिठागर होणार. वडील मिठागरातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरेल ते सांगायचे. बाळारामलाही तीच खोड होती. कुठलंही पाणी आधी बोटाला, मग जिभेला. बापानं ऊन यायची वाट बघितली, मी पंख्याशी भांडतोय, असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा. त्याचं हे सगळं मी ऐकलं होतं, समजलंही होतं... पण वेळेला आठवलं नाही.

रोज पाणी घालायचा कंटाळा आला म्हणून त्यानं यंत्रणा बसवायला घेतली. टाकीच्या वरच्या फळीवर वीस लिटरचा कॅन, त्याला मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि नळीच्या टोकाला कूलरमधला छोटा बॉलकॉक. पाणी उतरलं की चेंडू खाली येणार, झडप उघडणार. पाणी रेषेला आलं की बंद. पहिल्या दिवशी दोन घोट पाणी आलं आणि थांबलं. बाळारामनं नळी झटकली, फुंकली, बॉलकॉक उघडून पुन्हा लावला. मी सोफ्यावरूनच म्हटलं, “झाकणाला भोक पाड, हवा कुठून जाणार आत?” त्यानं भोक पाडलं आणि पाणी धो धो नाही, पण थेंब थेंब चालू झालं. त्या एका भोकाच्या जोरावर मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते हेच.

पावसाळा संपता संपता त्याच्या यकृताचं दुखणं बळावलं आणि त्याला ठाण्याला दाखल केलं. वहिनी आणि मुलगी दिवसभर त्याच्यापाशी. मी बढाई मारली, माशांचं मी बघतो. कॅन पहिल्यांदा रिकामा झाला तेव्हा मी दिव्यातून त्याला फोन लावला. बाल्कनीत दोन डबे होते, त्यातलं कुठलं पाणी ओतायचं? त्याला ताप होता, आवाज खोल गेलेला. “गोरं पानी टाक,” तो म्हणाला आणि फोन कुणीतरी काढून घेतला. मी डबे उघडून पाहिले. एकात नितळ पाणी, दुसऱ्यात दुधट. टाकीतलं थोडं पाणी अधूनमधून बदलायला त्यानं मीठ कालवून ठेवलेलं ते दुधट पाणी. मला ते गोरं दिसलं! वर शहाणपणा म्हणून बोट बुडवून चाखलंसुद्धा. खारट लागलं. समुद्राचे मासे, खारं पाणी... मी निर्धास्त झालो. बारा दिवस बॉलकॉक इमानेइतबारे चालला. पाणी रेषेवरून हललं नाही, त्यामुळे काही बिघडलंय असं दिसायला जागाच नव्हती. दोन मासे मेले ते मला वाटलं, धन्याच्या आठवणीनं.

आणि मग हॉस्पिटलात त्यानं ‘गोड ना’ विचारलं. त्या ‘ड’सरशी मला उमगलं, त्याचं ‘गोरं’ म्हणजे गोड, बिनमिठाचं पाणी. मी तरी काय करणार होतो? नाकात नळी असलेल्या माणसाला सांगू, की तुझे मासे मी मिठात घालून मारतोय? मी गोड म्हणालो आणि तडक दिव्याला आलो. कॅन ओतून दिला, टाकीतलं थोडं पाणी काढलं, थोडं साधं घातलं, पुन्हा काढलं. दोन दिवस तेच. एकेक मासा आडवा होत गेला आणि मी बादली धरून बघत बसलो. तिकडे त्याचं असंच चाललं होतं. तिथे तर माझ्या हातात बादलीसुद्धा नव्हती. शेवटी एक केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा राहिला.

महिना झाल्यावर मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे तांदूळ निवडत होत्या. “मना म्हाइत हाय,” त्या म्हणाल्या. “दोन मासं मेलं, ते मीच सांगलतं त्यांना त्याच दिवशी सकाली. कंचा डबा सरला, ते त्यांनी मना ईचारलं, आन हसले. बोलले, त्याची चूक नाय, मीच गोरं बोललो असन. येऊं दे त्याला, आज त्याच्या भाषेत ईचारतो.”

म्हणजे माझं खोटं ओळखूनच त्यानं ‘बरं’ म्हटलं होतं आणि हात धरला होता.

दर रविवारी मी दिव्याला जातो. नितळ पाण्याच्या डब्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो, मगच कॅन भरतो. वहिनी आतून विचारतात, “कसं हाय?”

“गोरं हाय, वहिनी,” मी सांगतो.