ओल्या रंगाचा नंबर

काशीराव नाझर कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी बसण्याआधी खुर्ची उलटी करून खाली नंबर आहे का ते बघत. साठ साली नवं राज्य झालं त्या सुमारास मी देऊळगाव राजातल्या एका कचेरीत टंकलेखक म्हणून लागलो. नाझर म्हणून कचेरीच्या सामानाचा हिशोब ठेवायचं आणि तिथल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचं काम काशीरावांचं. मूळ गाव सोनाळा, बोलणं अस्सल वऱ्हाडी. "बिननंबराची वस्तू बेवारस," म्हणायचे, "कोनीबी उचलून नेते."

एकदा गुलाबखाँ शिपायाचं घरून आणलेलं स्टूल त्यांच्या ब्रशाखाली सापडलं. त्याने खूप गयावया केली. काशीराव म्हणाले, "नंबर पडला का वस्तू सरकारची बे! म्या पुसला तं उद्या कोनीबी पुसीन." पुढे बरेच दिवस गुलाबखाँ त्यांच्यापुढे पाण्याचा पेला आदळायचा. माणूस सज्जन, पण हे खूळ मलाही अतीच वाटायचं.

मग कचेरीचा टाइपरायटर दुरुस्तीला गेला आणि नेमकी तपासणी तोंडावर आली. काशीरावांनी घरचं मशीन आणून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता त्यावर टायपिंग शिकला होता. आदल्याच वर्षी तो तापाने गेला. "तपासनी होईस्तोवर चालव. सांभाळून बे," एवढंच म्हणाले.

तपासणीच्या सकाळी ते रंगाचा डबा घेऊन घाईघाईने फिरत होते. कपाट झालं, घड्याळ झालं, आणि सवयीचा हात वसंताच्या मशीनवरही चालला. शेवटचा आकडा काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ब्रश हातातच राहिला.

आधी धावला तो गुलाबखाँच. फडकं पुढे करून म्हणाला, "पुसा न साहेब! ओला हाये अजून. कोनी पाह्यलं नाई."

"तुहं स्टूल देल्लं होतं काय म्या तुले?" काशीराव म्हणाले. "मंग?"

रंग वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला.

निवृत्त झाल्यावर ते बाजाराच्या दिवशी येऊन खिडकीबाहेरच्या बाकावर बसत. वसंताच्या मशीनवर माझा हात थांबला की आवाज यायचा, "काऊन थांबला बे? मी ऐकून राह्यलो न."

ते गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीचा पेन्शनचा अर्ज मी त्याच मशीनवर टाइप केला. काकू समोर बसून ऐकत होत्या. उठताना त्यांनी पदराने मशीनवरची धूळ पुसायला घेतली. हात नंबरापाशी आला तशा थबकल्या. तेवढी जागा सोडून त्यांनी बाकीचं सगळं पुसलं.